उलबोलसिन आपाचा श्लाक

तेमिरताऊ या पोलादभट्ट्यांच्या गावात श्लाक हा शब्द दोन ठिकाणी चालतो. भट्टीत वितळलेल्या पोलादावर जी मळी तरंगते तीही श्लाक, आणि माणसाच्या आतड्यांत, यकृतात, रक्तात साचते म्हणतात ती घाणही श्लाकच. दुसऱ्या गावची माणसं हा शब्द ऐकतात, मान डोलावतात नि विसरून जातात. तेमिरताऊच्या माणसाला तो डोळ्यांपुढे दिसतो, लालभडक आणि रटरटणारा. उलबोलसिन आपानं तर उभी हयात भट्टीच्या डोक्यावर, क्रेनच्या केबिनमध्ये काढलेली. तिला श्लाक म्हणजे काय हे कोण शिकवणार?

आपा म्हणजे थोरली बाई, आणि उलबोलसिन म्हणजे 'मुलगा होऊ दे'. ओळीनं चौथी मुलगी झाली तेव्हा बापानं देवाला ऐकू जावं म्हणून हे नाव ठेवलं. देवानं काही ऐकलं नाही, पण पोरगी मुलाच्या वरताण निघाली. क्रेनवर बसली, खालच्या गड्यांवर ओरडून ओरडून आवाज कमावला, आणि निवृत्त झाली तरी तो आवाज काही खाली आला नाही. स्वयंपाकघरात ती 'मीठ कुठंय' म्हणाली की खालच्या मजल्यावरची बाई आपली मीठदाणी चाचपायची.

नवरा कैरोल्ला हृदय बंद पडून गेला तेव्हापासून तिनं श्लाकचा धसका घेतला. "हृदयबिदय काही नाही, साचला होता त्याच्यात," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पुढे शुद्धीकरणाच्या बाटल्या आणि डबे विकणाऱ्या एका कंपनीत तिनं नाव घातलं. तरी बरीच वर्षं ते प्रकरण फडताळाच्या एका खणापुरतं होतं. स्वतः घ्यायची, मैत्रिणींना द्यायची, पण घरात कुणाच्या गळ्यात मारायचं नाही एवढं तारतम्य तिला होतं. हे तारतम्य गेल्या पानगळीत सुटलं. ते का सुटलं, हे तिच्या सुनेला कळायला बर्फ वितळावं लागलं.

सून पेरिजात. कार्कारालीच्या डोंगराकडची, लग्न होऊन वर्ष उलटलेली. पोरगी भित्री होती, आणि भ्यावं असंच तिच्यापाशी होतं. शाळेत असल्यापासून तिला झटके यायचे. त्या दुखण्याला एक नाव आहे, पण तिकडं ते कुणी उच्चारत नाही. नाव घेतलं की दुखणं दार ठोठावतं म्हणतात. फारच वेळ आली तर 'ते' म्हणायचं आणि वर 'त्याचं तोंड पलीकडं फिरो' असं पुटपुटायचं. रोज संध्याकाळी जेवणानंतर एक गोळी घेतली की 'ते' पलीकडं राहायचं. वर्षानुवर्षं राहिलंही होतं.

लग्न ठरलं तेव्हा आईनं तिला गोठ्यात नेऊन सांगितलं होतं, "हे बघ, तिथं ब्र काढायचा नाही. झटके थांबलेत, म्हणजे नाहीतच. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? कळलं तर दारातनं परत पाठवतील, आणि मग तुझ्या धाकट्या बहिणींकडं कोण ढुंकून बघेल?" गोळ्या आई पाठवायची, बसवाल्याच्या हाती, सुकवलेल्या दह्याच्या खड्यांच्या पिशवीत तळाशी घालून. पेरिजात त्या सासऱ्यांच्या जुन्या जाड लोकरी बुटांत लपवायची. कैरोल्ला गेल्यापासून ते बूट कपाटाच्या तळाशी तसेच उभे होते आणि त्यांना कुणी हात लावत नाही अशी तिची समजूत. गोळ्यांना पानगळीपासून डांबराच्या गोळ्यांचा वास येऊ लागला होता. तिला वाटलं, कपाटातलाच असेल.

आणि त्याच सुमारास आपा एका संध्याकाळी काळं पाणी भरलेली वाडगी घेऊन तिच्यापुढं उभी राहिली.

"घे."

"काय आहे, आपा?"

"कोळसा. आतला श्लाक ओढून घेतो. आजपासून घरात सगळ्यांनी घ्यायचा. मी, तू आणि येर्केश."

येर्केश म्हणजे येर्केबुलान, आपाचा एकुलता एक मुलगा, पेरिजातचा नवरा, बापाच्याच भट्टीवर कामाला. तो हसत हसत वाडगी रिकामी करून मोकळा झाला. पेरिजात मात्र वाडगी हातात धरून उभी राहिली. कारण लहानपणी एकदा पोट बिघडलं म्हणून आईनं तिला कोळशाच्या वड्या चारल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी कोसळली होती. तेव्हा दवाखान्यातली डॉक्टरीण आईवर अशी कडाडली होती की पेरिजातला अजून शब्दन् शब्द आठवत होता. "कोळसा विष ओढतो तसं औषधही ओढतो, बाई. तुम्ही हिची गोळी हिच्या पोटातनं काढून घेतलीत."

पण सासूनं हातात दिलेली वाडगी सून परत करत नाही. तिथं ती रीतच नाही. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण तर बुटात लपवलेलं. पेरिजात डोळे मिटून प्याली.

एकटा कोळसा असता तरी तिनं काही तोड काढली असती. पण आपाचं एकट्या कोळशावर कसलं भागतंय? हप्त्याभरात सकाळी कडू दवणा आणि लवंगेची पूड आली, पोटातले जंत मारायला. दुपारी यकृतासाठी काट्याच्या झाडाचं तेल आलं. मग पाण्यात टाकली की फुगून लापशीसारखी होणारी भुशी, मग मिठाचं पाणी, आणि या सगळ्यावर परत कोळसा.

"एवढं सगळं एकदम कशाला, आई?" येर्केबुलाननं विचारलं. तीन वेळा संडासात जाऊन आल्यावर विचारलं, म्हणून आवाजात जरा धार होती.

"तू भट्टीवर काम करतोस ना रे? मग सांग, नुसत्या चुन्यानं पोलाद होतं? चुना टाकायचा, वरनं हवा मारायची, तापवायचं, आणि मग अख्खी भट्टी वाकडी करून श्लाक ओतून द्यायचा. एक गोष्ट राहिली की माल वाया. तसंच हे. एक बाटली श्लाक सोडवते, दुसरी ढकलते, कोळसा उचलून नेतो. एकत्र घेतलं तरच अंग स्वच्छ होतं."

"मी आता इतका स्वच्छ झालोय की उन्हात उभा राहिलो तर सावली पडायची नाही."

"हस. तुझा बापही असाच हसायचा." एवढं बोलून आपा त्याच्याकडं अशी बघत राहिली की त्याचं हसू जागच्या जागी विरलं. त्या दिवशी झोपताना तो पेरिजातला म्हणाला, "आईला कसली तरी भीती बसलीय गं. माझ्याकडं अशी बघते, जसा काही मी मेलोय." पेरिजातच्या ओठावर आलं होतं सगळं. पण तो कूस बदलून घोरायलाही लागला, आणि तिला मनातल्या मनात बरंच वाटलं. सुटले, असं वाटलं. त्याची तिला स्वतःची शरम वाटली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत. तिनं गोळीची वेळ बदलून पाहिली, तर त्या वेळेलाही कुठली ना कुठली वाडगी आडवी यायची. मग ती काळं पाणी खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत ओतू लागली. ते चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी आपा कुंडीत बोट घालून उभी.

"जिरेनियमलाही श्लाक झाला होता वाटतं?"

पेरिजात कुंडी पुसू लागली.

"मी तुझं वाईट करीन का गं, पोरी? एकाच ताटात जेवता, एकाच पांघरुणात झोपता. एकाला झालं तर दुसऱ्याला होणार नाही कशावरून? पी. माझ्या डोळ्यांदेखत पी." काय होणार, कुणाला होणार, हे आपानं सांगितलं नाही आणि सुनेनं विचारलं नाही. आपाचे डोळे मात्र पाण्यानं भरलेले होते, आणि ओरडणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी बघून पेरिजात जास्तच भ्याली.

बर्फ पिवळट होऊन गटारांत वाहायला लागलं तोवर तिच्या हातांना सकाळी सकाळी हिसके बसू लागले. चमचा उडायचा. एकदा चहाची वाडगी हातातनं निसटून फुटली. आता ती रस्ता ओलांडताना भ्यायची, जिना उतरताना भ्यायची, शेगडीपाशी उभी राहिली की पाठीला घाम फुटायचा. रात्री उशीत तोंड खुपसून ती मोजायची, की कुठं पडले तर कमी लागेल.

आपा मात्र खूश. "हात उडतात? उडणारच. श्लाक सुटतोय. बरं वाटायच्या आधी वाईट वाटतंच. जितकं वाईट, तितकं चांगलं लागू पडतंय समज." या शास्त्राप्रमाणं माणूस मेला तर सगळ्यात जास्त शुद्ध झाला म्हणायचा.

मग आपानं जाहीर केलं की शनिवारी बायका येणार आहेत. चहा होईल, बाउरसाक म्हणजे कणकेचे फुगीर गोळे तळायचे, आणि ती सगळ्यांना कोळशाचा प्रयोग करून दाखवणार. रिसकुल मावशीही येणार होती. हिनंच हे लग्न जुळवलं होतं, आणि मुलगी कशी निकोप आहे, सोन्याच्या तुकड्यासारखी आहे, हे दोन्ही घरांत शपथेवर सांगितलं होतं. पेरिजातचं धाबं दणाणलं. कारण पाहुण्यांना चहा ओतणार कोण, तर सून. सामोवारच्या उकळत्या बंबापाशी, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं.

चहा ओतणं तिथं साधं काम नाही. वाडगी कधी भरायची नाही, तळाशी थोडासा चहा घालायचा. पाहुण्यानं प्यावा, परत द्यावी, सुनेनं परत थोडा घालावा. जितका कमी तितका मान, कारण त्याचा अर्थ बसा, आम्हाला तुम्हाला पुन्हा पुन्हा द्यायचाय. काठोकाठ भरलेली वाडगी पुढं आली, तर शहाण्या माणसानं समजायचं की यजमान म्हणतोय, प्या आणि चालते व्हा.

शनिवारी बायका आल्या, सतरंजीभोवती मांड्या ठोकून बसल्या. आपानं काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, त्यात आयोडीनचे थेंब टाकले. पाणी तांबूस झालं. "हे तुमचं रक्त," आपा म्हणाली, आणि एका बाईनं घाबरून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग कोळशाची पूड घालून ढवळलं, फडक्यातनं गाळलं, आणि पाणी स्वच्छ.

"अगं बाई," रिसकुल मावशी म्हणाली, "हे माझ्या जावयाला पाजायला हवं. त्याच्यात नुसता श्लाकच आहे, जावई कुठं दिसतच नाही."

बायका हसत होत्या तेव्हाच पेरिजातच्या जिभेवर चव आली. जुनं नाणं चोखल्यासारखी. ही चव ती ओळखत होती. 'ते' येण्याआधी ती यायची. उठून जावं, तर चहा अर्ध्यात टाकून सून उठत नाही. बसावं, तर पुढ्यात सामोवार. आणि त्या भीतीच्या भरात, कशी कोण जाणे, तिच्या तोंडून ती गोष्ट निघाली जी पानगळीपासून अडकली होती.

"आपा, कोळशाला कसं कळतं, कुठलं विष आणि कुठलं औषध?"

सगळ्यांनी वाडग्या खाली ठेवल्या. सून पाहुण्यांसमोर सासूला प्रश्न विचारते?

"काय म्हणालीस?" आपानं विचारलं.

"औषध घेत असेल कुणी… तर तेही ओढून घेईल ना तो?"

आपाचा हात पेल्यावर तसाच राहिला. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला, पण तो रागानं नव्हे. "कुणी म्हणजे कोण?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खाली आलेला या घरानं कधी ऐकला नव्हता. "तुला कुणी काही सांगितलंय? येर्केशनं?"

पेरिजातला ते ऐकू आलं आणि आलंही नाही. ती रिसकुल मावशीच्या वाडगीत चहा ओतत होती. चहा वर चढत होता, अर्ध्यावर आला, काठाला आला, आणि तिचा हात काही थांबत नव्हता. चहा सतरंजीवर ओघळला. "शाबास," रिसकुल मावशी वाडगीकडं बघत म्हणाली, "आम्हाला घालवूनच देतेय की ही." पेरिजातनं दुसऱ्या हातानं सामोवारची तोटी बंद केली. तेवढं तिला जमलं. मग 'ते' आलं.

ती शुद्धीवर आली तेव्हा छत तिरपं दिसत होतं. अंगाखाली गोधडी, डोकं आपाच्या मांडीवर, दंडाला सुई टोचल्याची जागा दुखतेय. घर रिकामं. बाउरसाक सतरंजीवर पसरलेले. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं, एवढंच तिला आधी सुचलं. रिसकुल मावशीनं पाहिलं. आता ट्रंक भरायची.

"हलू नको," आपा म्हणाली. "रुग्णवाहिकेचा डॉक्टर येऊन गेला. सोमवारी दवाखान्यात बोलावलंय."

मग तिनं मूठ उघडली. तिच्या मुठीत गोळ्यांची पट्टी होती. पेरिजातनं ती ओळखली आणि डोळे मिटून घेतले.

"पानगळीत ह्यांचे बूट काढले मी," आपा सांगू लागली, "दरवर्षी काढते. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या घालून ठेवते. तर आत ही. औषधाच्या दुकानात दाखवली. ती मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ही 'त्या' दुखण्याची. मला वाटलं, येर्केशची. होती तशी परत बुटात ठेवून दिली."

पेरिजातनं डोळे उघडले.

"बापाच्या बुटात मुलाशिवाय कोण लपवणार? वरनं खाली बघत आयुष्य काढलंय मी. ती वितळल्या पोलादाची कढई माहीत आहे मला, त्या कठड्यावर माणसं कशी उभी असतात ते माहीत आहे. तिथं त्याला 'ते' आलं तर काय हाती लागलं असतं माझ्या? रोज तो कामावर गेला की मी दाराशी बसून राहायची. विचारायची हिंमत होईना. नाव घेतलं आणि खरंच झालं तर? म्हटलं, आधी श्लाक काढू, मूळच उपटून टाकू. आणि तुझ्यात उतरू नये म्हणून तुलाही पाजत राहिले." तिनं नाक पुसलं. "आज तू पडलीस तर मी त्या डॉक्टरला म्हणते, माझ्या मुलाच्या गोळ्या आहेत, त्यातली एक हिला चालेल का? तो म्हणाला, मुलाला कधी झटका आलेला पाहिलाय? म्हटलं, नाही. मग म्हणाला, आजी, या गोळ्या कुणाच्या आहेत?"

म्हणजे पेरिजातच्या गोळ्यांना भिऊन आपानं कोळसा काढला, आणि त्या कोळशानं त्याच गोळ्या खाल्ल्या. पेरिजातला ते हळूहळू उमगत गेलं आणि तिला रडू फुटलं. "आईनं सांगितलं होतं, बोलू नको," ती म्हणाली. "माझ्या बहिणींचं काय होईल आता? मला पाठवू नका, आपा."

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. पेरिजातचं उरलंसुरलं धैर्य त्या आवाजासरशी गेलं. येर्केबुलान आत आला, उंबऱ्यावरच थबकला. "काय झालंय? खाली रिसकुल मावशी भेटली, तोंड फिरवून गेली. ही अशी का पडलीय?"

पेरिजातचं डोकं अलगद उशीवर ठेवून आपा उठली. कमरेवर हात ठेवले, आणि चारी मजल्यांना ऐकू जाईल अशा तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"तुझ्या बायकोला फेफरं आहे. फेफरं. लहानपणापासून आहे, औषध घेत होती, तुझ्या आईनं कोळसा पाजून ते औषध तिच्या पोटातनं काढून घेतलं. मला वाटत होतं तुलाच आहे. आता काय बोलायचं ते बोल."

येर्केबुलान स्टुलावर बसला. एक बूट काढला, दुसरा पायातच. त्यानं पट्टीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, मग फडताळावरच्या डब्यांच्या रांगेकडं पाहिलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "मी हे सगळं पानगळीपासून फुकटच पितोय?"

आपा तडक स्वयंपाकघरात गेली. तो तसाच एका बुटात येऊन गोधडीच्या कडेला बसला. त्यानं पेरिजातचा हात धरला. "तेलाच्या कढईपाशी नाही पडलीस ना कधी? शेगडीपाशी?" असं काहीबाही तो विचारत राहिला. ती मान हलवत राहिली. पण तिचं निम्मं लक्ष स्वयंपाकघराकडं होतं. आपा आत गेली होती, आणि पेरिजात परत जायची की राहायची हे या घरात आपाशिवाय कुणी ठरवणार नव्हतं.

आत सामोवारची तोटी वाजली. आपा बाहेर आली ती एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात चहाची वाडगी घेऊन. सासूनं सुनेला चहा ओतून आणायची तिथं रीत नाही. पेरिजात उठून बसली, दोन्ही हात पुढं केले, आणि तोंडाला लावण्याआधी भीत भीत वाडगीत पाहिलं.

तळाशी दोन घोट चहा होता.

"बघत काय बसलीस, घे गोळी," आपा म्हणाली. "संपला की आणखी घालते."